चाकणला नेलेलं कॉफीचं पोतं

अमरावतीहून निघालेली आमची ट्रॅव्हल्स जिथे जिथे थांबली, तिथे तिथे मी खाली उतरले. चहासाठी नाही, डिकीत पोतं आहे ना एवढंच बघायला. तिसऱ्या वेळी क्लीनर वैतागला.

"मावशी, सोनं आहे का त्यात?"

"कॉफी आहे."

"मग कोण नेतंय? आम्ही सगळी चहावाली माणसं."

मागची दोन पोरं हसली. मला काही हसू आलं नाही. मी पोत्याची गाठ चाचपली आणि गुमान जागेवर जाऊन बसले.

परत आल्यापासून चिखलदऱ्यात जो तो विचारतो, "बाई, चाकणला झालं काय?" म्हणून सगळं एकदाच लिहून काढते. ज्यांना आमचं प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधीचं थोडं सांगते. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. माझ्या घरामागे मोतीरामची उताराची जमीन आहे. पिढ्यान्‌पिढ्या वरून खाली नांगरल्यामुळे तिची माती नाल्यात वाहून गेली होती आणि उरला होता नुसता मुरूम. चार वर्षांपूर्वी मी मोतीरामच्या मागे हात धुऊन लागले. उताराला आडवे चर खोदले. जुनी जांभळं होती ती राखली, मधे पांगारा, फणस, आवळा लावला आणि त्या सावलीत कॉफीची रोपं. पडलेला पाला वेचायचा नाही, जाळायचा नाही, तिथेच कुजू द्यायचा. लोक म्हणाले, बाईला निवृत्तीचा ताण आला. तिसऱ्या पावसाळ्यात मोतीरामने हातावर एक गांडूळ आणून दाखवलं, आणि खरं सांगते, मुलांना शिष्यवृत्ती मिळाली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

यंदा पहिलं बरं पीक आलं. आणि नेमकं यंदाच एक रिसॉर्टवाला मोतीरामच्या दारात आला. उतार सपाट करून तिथे तंबू टाकायचे होते त्याला. शनिवारी सकाळी जेसीबी पाठवतो म्हणाला.

मोतीराम मला येऊन म्हणाला, "बाई, चार सालं तुमचं आयकलं. आता हे कॉफी कोनी घेते का नाही ते मले समजू द्या. शुक्रवारी पाच वाजता मी पान्याच्या टाकीजवळ उभा राहीन, तिथं रेंज येते. तुमी पास म्हनलं त झाडं राहतीन. नाही त मी त्याले हो म्हनतो."

पास-नापास करणारी बाई बसली होती चाकणला. यास्मिन तिचं नाव. तिथे एका गाळ्यात ती कॉफी भाजते आणि वाकडच्या हॉटेलांना पुरवते. झाडं तोडून लावलेली कॉफी ती घेत नाही, हे कळल्यावरच मी तिला फोन केला होता. ती म्हणाली होती, "काकू, माझ्या ड्रमला मूठभर दाणे चालत नाहीत. टरफलं काढून एक लहान पोतं घेऊन या. चव चांगली निघाली तर तुमच्या उताराचं सगळं पीक माझं, दरवर्षी." म्हणून हे पोतं.

गुरुवारी सकाळी नाशिक फाट्याला उतरले. डोक्यावर एकावर एक पूल, त्यावरून मेट्रो, खाली दुचाक्यांचा पूर. माझा भाचा प्रशांत न्यायला आला होता. तो चाकणच्या कंपनीत आहे. पोतं बघून म्हणाला, "मावशी, आज कशाला आणलंस हे?"

"आज नको तर कधी? आज देऊन टाकते, म्हणजे उद्यापर्यंत निकाल."

"अगं, आज गुरुवार आहे!"

मला काही उलगडेना. मग कळलं की या सगळ्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. गाळे बंद, मशिनं बंद, दुरुस्तीसाठी बऱ्याच भागात वीजही बंद. जन्मभर रविवारची सुट्टी पाळलेली मी, मला काय माहीत! यास्मिनला फोन लावला तर ती म्हणाली, "काकू, मी समजले तुम्ही शुक्रवारी सकाळी पोचणार. आज गाळ्यात लाइट नाही." एक अख्खा दिवस हातातून गेला. मी तिथेच फुटपाथवर पोत्यावर बसले.

प्रशांतने उपाय काढला. त्याची खोली काळेवाडीत, तिसऱ्या मजल्यावर, जिना असा की माणूस आडवा होऊन चढतो. शिवाय त्याच्या खोलीला ओल. ओल म्हटल्यावर माझा जीव वरखाली झाला. तो म्हणाला, "घरमालकांचा भाऊ आहे, बबनतात्या. चाकणच्या बाजारात त्यांचा आडतीचा गाळा आहे (आडत म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देण्याचा धंदा). त्यांचा टेम्पो आता रिकामाच चाललाय. पोतं आत्ताच चाकणला जाईल, उद्या तुला फक्त उचलायचं." मला पटलं. टेम्पो आला. मी ड्रायव्हरला दहा वेळा बजावलं, "दादा, ओल लागू द्यायची नाही हं. कोरड्या, हवेशीर जागी ठेवायला सांगा." तो म्हणाला, "टेन्शन नका घेऊ, तात्या लई काळजीचा माणूस हाय."

दिवसभर मग प्रशांतने मला फिरवलं, कारण त्याचीही सुट्टी. काळेवाडीच्या गल्लीत एका गाडीवर मिसळ खाल्ली. शेजारी उभं राहून खाणारे दोघे बीडचे निघाले, गाडीवाला नगरचा, आणि आम्ही मेळघाटचे. त्या गल्लीत मूळचा तिथला म्हणावा असा माझ्या पाहण्यात एक देवळातला मारुतीच. मिसळ झणझणीत होती, पण माझं लक्ष टेम्पोकडे. मनात एकच, पोतं पोचलं असेल का?

दुपारी तो मला वाकडला घेऊन गेला. "मावशी, कॉफीवाली तू, बघ तरी इथे कशी पितात." वीस-वीस मजल्यांच्या इमारतींच्या मधे एक थंडगार दुकान. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं-पोरी लॅपटॉप उघडून बसलेली. मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "बाळा, ही कॉफी कुठली?"

त्याने मागे वळून बघितलं आणि म्हणाला, "मशीनची, मॅडम."

"मशीनच्या आधी कुठली?"

"पाकिटाची."

बिचाऱ्याचा काही दोष नाही. पण मला एकदम मोतीराम आठवला, लाल झालेलं एकेक फळ वेगळं तोडणारा, हिरव्याला हात न लावणारा. कॉफी कडू होती. निम्मी प्रशांतने संपवली.

तिथे बसल्या बसल्या प्रशांतने मोबाइलमध्ये फोटो दाखवले. "हे बघ, आमच्या लाइनवरचं काम." पिवळाधमक लोखंडी पंजा होता, जमीन उकरतो तो. त्याला पुढे पाच दात. "हे दात मी बसवतो. आठ तासांत किती पंजे निघतात माहितीये? गेल्या महिन्यात मला बेस्ट वर्कर दिला." पोराचा चेहरा उजळला होता. बाप गेल्यावर हा मुलगा बॅग घेऊन एकटा इथे आला होता, त्याची ही कमाई. मी म्हटलं, "शाब्बास रे माझ्या राजा." आणि लगेच मनात आलं, शनिवारी आमच्याकडे येणारा पंजा याच्याच हातचा तर नसेल? त्याला हे बोलले नाही. बोलायचं तरी कसं?

शुक्रवारी प्रशांत पहाटेच फर्स्ट शिफ्टला गेला. मी बसने भोसरी, तिथून दुसरी बस धरून मोशीवरून चाकण. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंपन्या, त्यांच्या कुंपणाआड नव्या गाड्यांच्या रांगा, आणि एका मोठ्या आवारात ओळीने उभे पिवळे जेसीबी. बस तिथेच अडकली. बराच वेळ मी त्या जेसीबींसमोर बसून होते. एकेकाकडे पाहत होते, यातला आमच्याकडे कोणता येणार म्हणून. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, "हो, थोडं गरम होतंय."

बाजारात पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. काय तो कांदा, बाप्पा! जिकडे पाहावं तिकडे कांदा. ढीग, गोण्या, ट्रक, पायाखाली उडणारी लाल साल. बबनतात्या धोतर-टोपीतले, पांढऱ्या मिशांचे. मला बघताच उठून उभे राहिले.

"या बाई या. तुमचा माल लई जपलाय आमी."

"तुमचे फार उपकार झाले तात्या. भाडं काय ते..."

"भाडं? न्हाई ओ! पाव्हण्याचं भाडं घ्यायला आमी काय लॉजवाले हाय व्हय?"

मग मला हाताला धरल्यासारखं आत घेऊन गेले. गाळ्याच्या मागच्या बाजूला बांबूचं मचाण, खालून-वरून वारं खेळणारं, त्यावर वीतभर थर कांद्याचा. आणि त्या कांद्यावर, मधोमध, आमचं पोतं. वर तात्यांनी स्वतःची घोंगडी पांघरली होती.

"ओल म्हणाला व्हता न्हवं? सगळ्या चाकणात याच्यापरीस कोरडी जागा घावायची न्हाई. म्या सोता दोनदा उठून बघितलं."

माझे डोळे भरून आले. देवमाणूस, दुसरं काय. पोतं हाताला कसं कोरडं ठणठणीत लागत होतं. मला मेलीला एवढंच ठाऊक, पाणी लागलं की कॉफीला बुरशी येते. आमच्याकडे सगळी धास्ती पाण्याची, त्यामुळे नाकाने विचार करायचा असतो हे डोक्यातच आलं नाही. आणि नाक तरी काय सांगणार? त्या बाजारात दहा मिनिटं उभं राहिलं की नाकाला कांद्याखेरीज काही कळत नाही. तात्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. पिठलं, भाकरी, आणि बुक्कीने फोडलेला कांदा. मी आनंदाने जेवले.

पोतं रिक्षात घातलं. रिक्षावाला लातूरचा. यास्मिनचा गाळा फार लांब नव्हता, पण चौकात जे अडकलो ते अडकलोच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधे आम्ही. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते.

"ताई, चाकणात घड्याळ बघू नये बगा. बीपी वाढतंय."

"अहो, पाच वाजता एकाला फोन करायचाय."

"मग इथूनच करा की."

"काय सांगायचं ते अजून ठरायचंय हो!"

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि जोरात हॉर्न वाजवला.

अडीच वाजून गेले होते. यास्मिन दारातच उभी होती, पस्तिशीची, बाह्या वर केलेली, कपाळावर काजळीचा फराटा. गाळ्यात मधोमध एक लोखंडी ड्रम. तो तिच्या वडिलांनी बनवलेला. दापोडीच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं आणि शेंगदाणे भाजायची यंत्रं ते जोडून द्यायचे. "अब्बांचा शेवटचा ड्रम," ती म्हणाली. "बसा काकू. सावलीतली कॉफी सावकाश पिकते, तेवढी गोड होते. मी सकाळपासून वाट बघतेय."

तिने पोत्याची गाठ सोडली, ओंजळभर दाणे घेतले आणि नाकाशी नेले. मग पुन्हा नेले. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, तपासनीस वर्गात आल्यावर बघायचे तशी.

"बरी आहे ना?"

"बघू. भाजल्यावर कळेल."

ड्रम फिरला. दाणे हिरव्याचे पिवळे, पिवळ्याचे तपकिरी झाले. मग तडतड सुरू झाली, लाह्यांसारखी. एरवी भाजल्यावर एक दिवस थांबतात म्हणे, पण मला पाचच्या आत निकाल हवा म्हटल्यावर तिने लगेच दळली, तीन कपांत घातली, वर उकळीचं पाणी ओतलं. चार वाजून गेले होते. तिने चमचा बुडवला आणि जोरात सुर्र करून ओढला. दुसऱ्या कपातून, तिसऱ्या कपातून. मग चमचा खाली ठेवला.

"काकू, हे पोतं रात्री कुठे होतं?"

मी सांगितलं. सांगताना माझाच आवाज बारीक होत गेला.

"कॉफी शेजाऱ्याचा वास ओढून घेते, काकू. टरफल काढल्यावर तर फारच. घ्या तुम्हीच."

मी घोट घेतला. आधी गोड लागली, जांभळासारखी तुरट-गोड, आपल्या उताराची. आणि मग मागून कांदा. चांगला भरभक्कम कांदा. मला रडू कोसळलं. साठी उलटलेली बाई मी, परक्या गाळ्यात, परक्या पोरीसमोर ओक्साबोक्शी रडले. पाण्यापासून जपलं, बुरशीपासून जपलं, चार वर्षं जपलं, आणि शेवटच्या रात्री माझ्याच हाताने कांद्यावर नेऊन ठेवलं. तात्यांनी तर स्वतःची घोंगडीही पांघरली होती.

यास्मिनने पाणी दिलं. मग मी तिला सगळं सांगितलं, मोतीराम, टाकी, पाच वाजता, जेसीबी. पिशवीतून मातीची बरणी काढली. जांभळाखालची काळीभोर माती तिला दाखवायला म्हणून आणली होती, ती तेवढी माझ्याजवळ राहिली होती. तिने झाकण उघडलं आणि वास घेतला. कॉफीचा घेतला होता त्याहून जास्त वेळ घेतला.

"हे पोतं मी घेऊ शकत नाही, काकू. गिऱ्हाइकाला काय सांगू? पण कांद्याखाली काहीतरी आहे. दुसरं पाठवा. नीट बंद डब्यात. पंधरा दिवसांत. पास होईल असं मी म्हणत नाहीये हां. पुन्हा चव घेईन, एवढंच."

पाचला पाच कमी होते. एवढा वेळ मी एकच विचार करत होते. पास म्हणून टाकावं. पंधरा दिवसांनी खरंच पास झाली तर कोणाला काय कळणार? एकदा जेसीबी परत गेला की गेला. आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं, एकदा आपण बोललं तर आभाळ कोसळेल का? बोलायचं ठरवूनच मी नंबर लावला. पहिल्या रिंगला त्याने उचलला. मागे वाऱ्याचा आवाज येत होता.

"बाई! पास?"

त्या एका शब्दात चार वर्षांचं सगळं होतं. माझ्या तोंडून निघालं, "नापास, मोतीराम. माझी चूक झाली. मी पोतं कांद्यावर ठेवू दिलं, त्याला वास लागला. दुसरं पाठवा म्हणते, पंधरा दिवसांत. पास करीन असं काही म्हणाली नाही."

पलीकडे नुसता वारा. मग फोन तुटला.

पुन्हा लावला, लागला नाही. पाच-सहा वेळा लावला. "संपर्क क्षेत्राबाहेर." यास्मिन उरलेल्या पोत्याची गाठ बांधत होती.

प्रशांतने संध्याकाळी निगडीहून मला गाडीत बसवून दिलं. त्याला झालं ते सांगितलं, फक्त पंजाचं सोडून. परतीच्या प्रवासात मी एकदाही डिकी बघायला उतरले नाही. त्यात आता बघण्यासारखं काय होतं?

शनिवारी दुपार होत आली तेव्हा परतवाड्याहून आमची बस घाट चढू लागली. प्रत्येक वळणावर माझी नजर पिवळं काही दिसतं का ते शोधत होती. गावाच्या अलीकडे तो आवाज ऐकू आला, आधी घरघर, मग दगडावर लोखंड. मी ड्रायव्हरला म्हटलं, "इथेच थांबवा." पोतं खांद्यावर घेऊन पळत सुटले. माझ्या वयाला शोभणारं ते पळणं नव्हतं.

जेसीबी वरच्या अंगाला होता. मोतीरामच्या नाही, रिसॉर्टवाल्याला हो म्हणालेल्या त्याच्या चुलतभावाच्या तुकड्यावर. तिथे लाल माती उघडी पडली होती आणि दोन सालईची झाडं आडवी. आणि खाली जांभळं उभी होती. पांगारा उभा होता. त्याच्या सावलीत मोतीराम भाकरी खात बसला होता, भाकरीबरोबर नुसतं मीठ आणि वाळली मिरची.

पोतं टाकून त्यावरच बसले. "मोतीराम, अरे, काय केलंस तू?"

तो म्हणाला, "बाई, चार सालं तुमी म्हनत होत्या माती वापस येते, पानी वापस येते. मले वाटे, मास्तरीन आहे, तिले बोलाची सवय. काल टाकीजवळ मी 'पास' आयकाले उभा होतो. तुमाले पास म्हनता आलं असतं. मले कोन सांगनार होतं? पन तुमी नापास म्हनलं. मंग मी इचार केला, हे बाई आपली चूक बी सांगते, त मातीचं बी खरंच सांगत असन. त्याले नाही म्हनून सांगतलं."

वर पंजा दगडावर आपटत होता. त्याचे पाच दात इथूनही मोजता येत होते. वरची माती पावसाळ्यात आमच्याच चरांत येऊन बसणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. ती आमच्या चरांत किती मावेल, आणि पंधरा दिवसांनी यास्मिन काय म्हणेल, हे मला आज लिहितानाही माहीत नाही. दुसरं पोतं उद्या निघतंय, स्टीलच्या डब्यात, झाकणाला मेण लावून.

एक मात्र विचारायचं राहिलं होतं, म्हणून मी विचारलं. मोतीरामला मी इतकी वर्षं जेवताना पाहिलंय. पानात कांदा नसला की तो भाकरीला हात लावत नाही, बायकोशी भांडतो.

"आज कांदा नाही का रे?"

"दुसरी कॉफी घरातच ठिवली आहे ना बाई," तो म्हणाला. "काल फोन झाला अन् घरातला सगळा कांदा उचलून मी पाटलाच्या इथं नेऊन दिला. पंधरा दिवस कांदा खानार नाही म्हनलं."

आणि त्याने मीठ लावून भाकरीचा पुढचा घास मोडला.